बोटीले ब्रेक रायते का

धंतोलीत, दुसऱ्या माळ्यावर, कूलरच्या तोंडाशी बसून
मी माणसांना समुद्रापार पाठवते.
स्वतः पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी : फुटाळा.
तेही बहुतेकदा भेळ खाताना,
त्याच्याकडे पाठ करून.

गुलाबराव ठवकर आले मेच्या भर दुपारी,
डोक्याला ओला दुपट्टा,
हातात पोरीनं बंगळूरहून पाठवलेला कागद :
बेटांचा देश, सहा रात्री, दोन माणसं, पैसे भरले आहेत.
एकतीस वर्षं एसटी चालवली. गणेशपेठ आगार.
वच्छलाबाई शेजारी, पर्स मांडीवर,
चपला दाराबाहेर काढून.

"इमानातून उतरलो, मंग पुढं कसं?"

मी सांगायला लागले. पाठ आहे मला.
विमानतळ हेच एक बेट. दाराबाहेर रस्ता नाही, धक्का आहे,
बोटवाले नावाची पाटी धरून उभे असतात.
स्पीडबोट : चाळीस मिनिटं, कंबरेला दणके.
पाणविमान : खाली निळं, त्याच्याही खाली निळं,
वीस किलोवर सामान नाही,
आणि अंधार पडला की उडत नाही.
सरकारी फेरी : साडेतीन तास, सगळ्यात स्वस्त,
सोबत सिमेंटची पोती, कांदे, शाळेतून परतणारी पोरं.
शुक्रवारी बंद.
बेटावर पोचल्यावर सायकल, नाहीतर पाय.
बर्डीवरून निघालात तर महाराजबागेच्या आत
देश संपतो.

"वीस किलोत कुरड्या बसतीन?" वच्छलाबाईंनी विचारलं, पर्सला.

गुलाबराव फेरीपाशीच अडकले होते.
"डायवर कोठी बसते तिचा?"
समोर. काचेत. बहुतेक.
"पट्टा नाही, दगड नाही, मंग आपली बाजू कोन्ती?"
मी म्हटलं, त्यांना कळते.
"अन् बोटीले ब्रेक रायते का?"

हे माझ्या पाठांतरात नव्हतं.
मी प्रिंटरमध्ये कागद आहे का ते पाहिलं.

उमरेड रोडला, ते सांगत होते, चौऱ्याण्णव साली,
पहाटे एक गोऱ्हा आडवा आला.
बेचाळीस माणसं एकदम जागी झाली,
कोणाचा डबा सांडला, कोणाची कवळी,
गोऱ्हा बोनेटला नाक लावून निघून गेला.
सांगताना त्यांचा उजवा पाय
टेबलाखाली काहीतरी दाबत होता.

"ते उडाचं कॅन्सल करा. फेरीनं जाऊ.
पोरीले सांगू नका."

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, पंप कोरडा खडखडत होता.
"मले उडाचं होतं," वच्छलाबाई म्हणाल्या.
एवढंच. आणि पर्सची चेन लावली,
उघडली, परत लावली.

मग बराच वेळ आम्ही तिघं तो कागद बघत राहिलो.

जाताना विमान, येताना फेरी.
गुरुवारची धरली, शुक्रवार नको म्हणून.
फरकाचे पैसे परत येतील का, मी म्हटलं विचारून सांगते,
अजून सांगितलेलं नाही.

घरी जाताना झिरो माइलचा दगड लागतो रोज.
कोणकोणती गावं किती लांब, कोरलेलं आहे त्याच्यावर.
त्या संध्याकाळी गाडी बाजूला लावून वाचलं सगळं.
ज्या गावांना मी माणसं पाठवते
त्यातलं एकही नाही.

तेराव्या दिवशी मोबाइलवर त्यांचा आवाज आला,
वाऱ्यानं अर्धा खाल्लेला :
"मॅडम, नसते! ब्रेक नसते!
हा पोट्टा लय दुरूनच इंजन कमी करते,
मंग उलटं फिरवते,
मंग पाणीच धरते तिले.
बसू देलं त्यानं मले बाजूले."
मध्येच वच्छलाबाई :
"यायले उलट्या झाल्या. मले नाही."

मी तीनदा ऐकलं.
समोर एक गिऱ्हाईक घाम पुसत बसलेलं होतं.
शेवटी कोणी बोलत नाही, नुसती घरघर आहे थोडी,
ती लाटांची असावी,
किंवा आमच्या कूलरची.